रत्नागिरीतल्या ब्रिटिशकालीन जागा बघायला येताय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीला यायचं ठरलं की लोक जे विचारतात ते सगळं इथे एका जागी ठेवलंय. सुट्टीच्या आधी तेच प्रश्न परत परत येतात, म्हणून सोप्यापासून सुरुवात करून किचकट प्रश्न शेवटी घेतलेत. ज्याचं उत्तर आधीच दिलंय तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. रत्नागिरीत ब्रिटिशांच्या काळातलं बघण्यासारखं नेमकं काय आहे?

मुंबईसारखे मोठे घुमट, घड्याळाचे टॉवर, दगडी स्टेशन असलं काही शोधत येऊ नका, इथे ते नाही. इथे थिबा पॅलेस आहे, थिबा राजाची समाधी आहे (हा राजा कोण ते प्रश्न ५ मध्ये), टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान, सावरकरांना ठेवलं होतं ते जेल, पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग किल्ल्यावरचं दीपगृह, आणि शहरात मधेमधे जांभ्याच्या चिऱ्यांची जुनी कौलारू सरकारी ऑफिसं आणि बंगले. १८१८ ला पेशवाई गेली, कोकण कंपनी सरकारकडे आलं आणि १८२२ ला दक्षिण कोकणचं मुख्य ठाणं बाणकोटहून रत्नागिरीला हलवलं, तेव्हापासून हे साहेबाच्या कारभाराचं गाव. पण माझ्या मते इथली खरी गोष्ट कारभाराची नाही, अडकवून ठेवलेल्या माणसांची आहे. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, तेव्हा रेल्वे नव्हती, आणि पावसाळ्यात बोटीसुद्धा बंद, त्यामुळे ज्याला जगापासून लांब ठेवायचं त्याच्यासाठी सरकारला ही जागा सोयीची वाटली. हे डोक्यात ठेवून फिरलात तर सगळ्या जागा एकमेकींना जोडल्या जातात.

२. एका दिवसात सगळं होतं का?

होतं, पण घाई करून नाही. सकाळी ऊन चढायच्या आत किल्ला, तिथून खाली येऊन टिळकांचं घर आणि पतितपावन, मग जेवण, दुपारी थिबा पॅलेस (आत सावली असते), त्यानंतर समाधी आणि सूर्यास्ताला थिबा पॉइंट. जेल यात धरलेलं नाही, का ते प्रश्न ११ मध्ये आहे. दोन दिवस असतील तर दुसरा दिवस राजापूर किंवा विजयदुर्गला द्या.

३. रेल्वे स्टेशनवरून कसं यायचं? गाडी नसेल तर चालेल का?

स्टेशन शहरात नाही, बाहेर आहे, कुवारबावच्या बाजूला. गाडी आली की बाहेर रिक्षा असतात, एसटीही मिळते. मुंबई-गोवा हायवेने येणाऱ्यांनी हातखंब्याला वळायचं. शहरात स्वतःची गाडी नसली तरी काही अडत नाही, रिक्षावाल्या काकांना "थिबा पॅलेस" किंवा "टिळक आळी" एवढं सांगितलं तरी पुरे. तीन-चार ठिकाणं करायची असतील तर बसायच्या आधी थांबायच्या वेळेसकट पैसे बोलून घ्या. टिळक आळीच्या भागात रस्ते अरुंद आहेत, मोठी गाडी आत घालू नका, बाहेर लावून चालत जा.

४. तिकीट किती, वेळ काय, सोमवारी बंद असतं का?

तिकिटाचे दर आणि वेळा बदलतात म्हणून आकडा देत नाही. पॅलेसमधलं म्युझियम राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं आहे आणि सरकारी म्युझियम साधारण सोमवारी आणि सरकारी सुट्टीला बंद असतात, तेव्हा सोमवार टाळाच. संध्याकाळी पाचच्या आत बघून होईल असं धरून चला. सुट्टे पैसे जवळ ठेवा, नेटवर्क नसलं की फोनवरून पैसे जात नाहीत आणि लाईन थांबते. दीपगृहाचं वेगळं आहे, प्रश्न १३ बघा.

५. थिबा राजा नक्की कोण होता? आणि ब्रह्मदेशचा राजा रत्नागिरीत कसा आला?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. थिबा हा ब्रह्मदेशचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, कोनबाँग घराण्यातला शेवटचा राजा, राजधानी मंडाले. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी तिसरं ब्रह्मी युद्ध केलं, ते काही आठवड्यांतच संपलं, आणि राजाला, राणी सुपयालतला, घरच्या लोकांना बोटीत बसवून आधी रंगून आणि मग मद्रासला आणलं. तिथून १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला. वय अवघं सत्तावीस. म्हणजे त्याने राजवाड्यात जेवढी वर्षं राज्य केलं त्याच्या कितीतरी जास्त वर्षं, तीस वर्षं, तो या गावात राहिला आणि डिसेंबर १९१६ ला इथेच गेला.

एक गोष्ट बरेच जण चुकीची धरतात, की त्याच्यासाठी लगेच राजवाडा बांधला. तसं नाही. सुरुवातीची चोवीस वर्षं तो सरकारने दिलेल्या बंगल्यात राहिला, पोलिसांच्या देखरेखीखाली, ठरवून दिलेल्या तनख्यावर, आणि तो पुरत नाही म्हणून बरोबर आणलेले दागिने आणि रत्नं एकेक करून विकत. पॅलेस बांधून झाला १९१० ला, आणि त्यात राजाला मिळाली फक्त सहा वर्षं. धाकट्या मुलीचा जन्म इथलाच, तिने मंडाले बघितलंच नव्हतं.

आता हे उलटं करून बघा. १८५७ नंतर दिल्लीच्या बहादूरशहा जफरला इंग्रजांनी रंगूनला नेलं, तो तिथे १८६२ ला वारला. म्हणजे इथला बादशहा तिकडे आणि तिकडचा राजा इकडे. ज्या मुलखात आपलं माणूस नाही, आपली भाषा बोलणारं कुणी नाही, तिथे नेऊन ठेवायचं म्हणजे बंड करायला कुणी जमतच नाही, असा तो हिशोब होता. पॅलेस बघताना हे कुणीतरी सोबतच्या मुलांना सांगावं असं मला फार वाटतं.

६. पॅलेस आतून रिकामा आहे असं ऐकलंय. मग जाऊन काय बघायचं?

राजाचं सिंहासन, दागिने, झगमगीत दिवाणखाना बघायला मिळेल असं वाटत असेल तर ते नाहीये, आणि ते साहजिक आहे, कारण राजाकडेच शेवटी फार उरलं नव्हतं. पण इमारत बघा की! लाल रंगाचा तो वाडा, उतरती कौलं, लांब व्हरांडे, सागवानी खांब आणि अर्धगोल लाकडी कमानींवरचं नक्षीकाम, वरच्या मजल्यावरचा संगमरवरी फरशीचा हॉल, पश्चिमेच्या खिडक्यांच्या रंगीत काचा. संध्याकाळच्या सुमाराला त्या काचांतून ऊन जमिनीवर पडतं. व्हरांड्यात उभं राहून समुद्राच्या दिशेला बघा, राजा तासन्‌तास इथून समुद्र बघत बसायचा असं गावात सगळे सांगतात. मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आहे, ती राजाने आणलेली. म्युझियममध्ये कोकणातल्या मूर्ती आणि जुन्या वस्तू आहेत, तिकडे अर्धा तास ठेवा. ज्यांनी धावत-पळत दहा मिनिटांत बघून घेतलं तेच "काही नाही तिथे" म्हणून सांगत सुटतात. शांतपणे बसा, लाकूडकाम नीट बघा.

कधी दुरुस्तीचं काम निघालं की वरचा मजला बंद ठेवतात. तेव्हा दोरी बांधलेली असेल तर ओलांडू नका, लाकूड शंभर वर्षांहून जुनं आहे.

७. थिबा पॅलेस आणि थिबा पॉइंट एकच का?

नाही. गुगल मॅपवर गडबड होते म्हणून नाव नीट बघून टाका. पॉइंट ही पॅलेसच्या जवळची उंच जागा, तिथून भाट्याची खाडी, पूल, राजिवड्याच्या होड्या आणि समुद्र एका नजरेत दिसतो. तिथे तिकीटबारीवालं म्युझियम वगैरे नाही. सूर्यास्ताला गर्दी असते, अर्धा तास आधी पोचा.

८. राजाची समाधी कुठे आहे? तिथे कुणी जातं का?

पॅलेसच्या आवारात नाही, शहरातच पण वेगळीकडे आहे. पर्यटक फार कमी जातात, याचं मला वाईट वाटतं. राजा आणि धाकटी राणी सुपयागले, जी त्याच्या आधी १९१२ ला वारली, दोघांच्या समाध्या तिथे आहेत. घरच्यांची इच्छा होती की दोघांना मायदेशी न्यावं, ते सरकारने होऊ दिलं नाही. मोठी राणी सुपयालत १९१९ ला मुलींना घेऊन परत गेली आणि १९२५ ला रंगूनमध्ये वारली, म्हणजे नवरा रत्नागिरीत आणि बायको रंगूनला. म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन डिसेंबर २०१२ मध्ये इथे येऊन गेले होते, तिकडच्या लोकांसाठी ही मोठी जागा आहे. जाल तेव्हा चपला लांब काढा, चौथऱ्यावर बसून डबे उघडू नका, म्यानमारहून आलेलं कुणी भेटलं तर त्यांना निवांत नमस्कार करू द्या. रिक्षावाल्याला "थिबा राजाची समाधी" असं पूर्ण सांगा, नाहीतर तो पॅलेसला नेऊन सोडेल.

९. राजाचे वंशज अजून रत्नागिरीत राहतात म्हणे. त्यांचं घर दाखवाल का?

नाही, आणि कृपया दुसऱ्या कुणालाही विचारत फिरू नका. गोष्ट खरी आहे, थोरली राजकन्या आईबरोबर गेली पण परत रत्नागिरीला आली आणि १९४७ ला इथेच वारली, तिची मुलगी टूटू इथेच मराठी बोलत वाढली, इथेच तिचा संसार झाला, तिला ओळखणारी माणसं गावात अजून आहेत. पण राजाचे वंशज ही साधी कष्टाची माणसं आहेत, कॅमेरा घेऊन त्यांच्या दारात उभं राहणं बरोबर नाही. राजाबद्दल जे समजून घ्यायचं ते पॅलेस आणि समाधीपाशी मिळतं.

१०. टिळकांचं गाव तर चिखलगाव ना? मग रत्नागिरीतलं घर कसलं?

चिखलगाव हे घराण्याचं मूळ गाव, दापोली तालुक्यात. जन्म झाला रत्नागिरीत, २३ जुलै १८५६ ला, कारण वडील गंगाधरपंत इथे शिक्षक होते, आणि पुढे त्यांची पुण्याला बदली झाली तेव्हा बाळ दहा वर्षांचा होता. टिळक आळीतलं घर आता सरकारने जपलेलं स्मारक आहे. मला स्वतःला पॅलेसइतकंच हे घर आवडतं, कारण त्या काळातलं साधं कोकणी घर आतून बघायला आता मिळत कुठे, पडवी, ओटी, माजघर, बुटकी दारं, कौलांतून येणारा उजेड. साहेबाने बांधलेलं नाही, मग हे यादीत का असं काही जण विचारतात. पण साहेबाच्या राज्यात माणसं कशी राहत होती ते इथेच कळतं.

आणि इथे प्रश्न ५ परत वाचा. १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पाठवलं कुठे, तर मंडालेला. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेच्या तुरुंगात, एकाच वेळी, १९१४ पर्यंत. तिथेच त्यांनी गीतारहस्य लिहिलं. तेव्हा ब्रह्मदेश हा हिंदुस्थानच्याच सरकारखाली होता, १९३७ ला वेगळा केला, म्हणून कैदी असे इकडून तिकडे पाठवता येत होते. पॅलेस आणि हे घर एकाच दिवशी बघा असं मी सगळ्यांना सांगतो ते यासाठी.

११. सावरकरांची कोठडी बघता येते का?

येते, पण सरळ जाऊन नाही. रत्नागिरीचं कारागृह आजही चालू आहे, आत खरे कैदी आहेत, त्यामुळे कारागृह प्रशासनाची परवानगी लागते. ओळखपत्र बरोबर ठेवा, मोबाईल-कॅमेरा बाहेर ठेवावा लागेल असं धरूनच जा, आणि नाही म्हणाले तर गेटवर वाद घालू नका, बंदोबस्ताच्या दिवशी त्यांचाही नाइलाज असतो. सावरकरांना १९२१ ला अंदमानहून परत आणलं, त्यानंतर काही काळ ते इथल्या आणि मग येरवड्याच्या तुरुंगात होते. जानेवारी १९२४ ला सुटले ते दोन अटींवर, जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारण करायचं नाही, आणि ते बंधन १९३७ पर्यंत चाललं. म्हणजे जेलच्या बाहेर आल्यावरही जिल्ह्यातच अडकलेले. १९२७ ला गांधीजी रत्नागिरीला आले तेव्हा दोघांची इथेच भेट झाली होती.

१२. पतितपावन मंदिर हे ब्रिटिशकालीन स्थळ कसं काय?

काळाने. २२ फेब्रुवारी १९३१ ला ते उघडलं, भागोजीशेठ कीर यांनी स्वतःच्या पैशाने बांधलं, मागे सावरकरांचा आग्रह होता की सगळ्या जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत जाता येईल असं एक मंदिर पाहिजे. तेव्हा देवळात कुणाला आत घ्यायचं यावरून गावोगाव भांडणं होती, हे लक्षात घेतलं की छोट्याशा देवळाचं महत्त्व कळतं. भागोजीशेठ स्वतः भंडारी समाजातले, गरिबीतून वर आलेले, मुंबईत मोठे कंत्राटदार झाले. देऊळ चालतं आहे, पूजा असते, आरतीच्या वेळी फोटोसाठी मधे उभे राहू नका.

१३. रत्नदुर्ग इंग्रजांनी बांधला का? आणि दीपगृहात वर जाता येतं का?

किल्ला त्यांचा नाही, तो कितीतरी जुना, बहामनी काळापासूनचा, मग विजापूरकर, शिवाजी महाराज, आंग्रे, आणि १८१८ ला इंग्रजांकडे. वर भगवतीचं देऊळ आहे, तीन बाजूंनी समुद्र. दीपगृह मात्र इंग्रजी जमान्यापासून चालत आलेली जागा. वर सोडतात ते दुपारनंतर ठरावीक वेळेत, थोडं तिकीट असतं, जिना अरुंद आणि गोल आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच बघावं. वेळ तिथे फाटकावर विचारा. सकाळी किल्ला केलात आणि दीपगृह बंद मिळालं तर परत यायची तयारी ठेवा किंवा किल्लाच संध्याकाळी घ्या आणि थिबा पॉइंट सोडा.

१४. पावसाळ्यात यावं का?

यावं, पण जपून. जून ते सप्टेंबर इथला पाऊस म्हणजे दिवसभर थांबत नाही, जांभ्याच्या पायऱ्यांवर आणि पाखाड्यांवर (दगडी पायवाटांवर) शेवाळ धरतं, चामड्याची चप्पल घालून किल्ल्यावर गेलात तर घसरणार म्हणजे घसरणारच. त्यात लाईट जाते आणि पॅलेसच्या आतल्या खोल्यांत अंधार होतो. पण १८८६ चं रत्नागिरी कसं एकटं पडत असेल ते पावसाळ्यातच समजतं. मे महिन्यात उकाडा आणि घाम, पण आंबे. बाकी नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं.

१५. आजी-आजोबांना आणि लहान मुलांना घेऊन जमेल का?

पॅलेसचा खालचा मजला, टिळकांचं घर, पतितपावन, थिबा पॉइंट आरामात जमतं. पॅलेसचा वरचा मजला जिन्याने. टिळकांच्या घरात उंबरे आहेत आणि दारं बुटकी, आजोबांना डोकं सांभाळायला सांगा. व्हीलचेअर सगळीकडे जाईल असं नाही, उचलून न्यायला दोन माणसं सोबत असली तर बरं.

१६. फोटो, रील, ड्रोन, प्री-वेडिंग चालतं का?

बाहेरून मोबाईलवर फोटो काढायला सहसा कुणी अडवत नाही. म्युझियमच्या आत काय चालतं ते तिथल्या माणसाला विचारा आणि तो सांगेल ते ऐका. प्री-वेडिंग, मोठा कॅमेरा, लाईट वगैरे असेल तर पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी आधी घ्या, तिथे जाऊन विनवण्या करून उपयोग नाही. ड्रोन उडवू नका, किनारपट्टी आहे, जवळ विमानतळ आणि तटरक्षक दल आहे, कारवाई होऊ शकते. जेलच्या भिंतीचासुद्धा फोटो काढू नका. आणि समाधीवर नाचत रील करणारी पोरं बघितली की जीव तुटतो, ती कुणाच्या तरी बापाची समाधी आहे.

१७. विजयदुर्गला हेलियमचा शोध लागला आणि तिथे साहेबाचे कट्टे आहेत, हे खरं का?

अर्धं खरं. कट्टे, म्हणजे दुर्बिणी ठेवायचे चौथरे, आहेत, साहेब आला होता हेही खरं, पण साल वेगळं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या प्रकाशात एक वेगळी पिवळी रेषा दिसली, तेव्हा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन हे आंध्रात गुंटूरला होते. इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होते, त्यांनी ऑक्टोबरमध्ये तिकडूनच ती रेषा बघितली आणि त्यावरून नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली. लॉकियर विजयदुर्गला खरोखर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, दुर्बिणी आणि माणसं घेऊन, इंग्रजी आरमाराची बोट दिमतीला होती. तोवर हेलियम पृथ्वीवरसुद्धा सापडला होता, १८९५ ला. विजयदुर्गला १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो, जरूर जा, पोरांना विज्ञानाची गोडी लागते ते चांगलंच आहे. फक्त कट्ट्यावर उभं राहून त्यांना १८९८ ची गोष्ट सांगा, ती खरी आहे आणि तीही काही कमी नाही.

१८. रत्नागिरीच्या बाहेर कोकणात अजून काय जोडून घेता येईल?

राजापूरला इंग्रजांची वखार होती, सतराव्या शतकातली, म्हणजे इंग्रजांचं राज्य यायच्या कितीतरी आधीची. तिथल्या इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत केली म्हणून महाराजांनी १६६१ ला राजापूर मारलं, वखार खणून काढली आणि वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याच्यासकट त्यांची माणसं कैदेत घातली. आज तिथे अवशेषच आहेत, वाट गावात विचारून घ्या. वेंगुर्ल्याला डचांची वखार आहे, मोठी पण पडझड झालेली, आत भिंतींखाली उभे राहू नका. दापोलीला इंग्रजांची छावणी होती, जुनी माणसं अजून कॅम्प दापोली म्हणतात, तिथे जुनं चर्च बघा. बाणकोटचा किल्ला १७५६ च्या सुमारास इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. अलिबागला भूचुंबकीय वेधशाळा आहे, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या कुलाबा वेधशाळेचं काम इकडे हलवलं, पण तिथेही परवानगीशिवाय आत जाता येत नाही. हे सगळं एका ट्रिपमध्ये कोंबू नका, अलिबाग आणि वेंगुर्ला कोकणच्या दोन टोकांना आहेत.

१९. गाईड मिळतो का?

प्रत्येक जागी उभा गाईड असेल असं नाही. म्युझियममधल्या कर्मचाऱ्यांना नीट विचारलं तर ते आपुलकीने सांगतात. वाचून यायचं असेल तर रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय आहे, १८२८ पासूनचं, जिल्ह्याच्या इतिहासावरची मराठी पुस्तकं तिथे चाळा.

२०. फिरताना पडका बंगला किंवा झाडीत इंग्रजी अक्षरांचं थडगं दिसलं तर आत जावं का?

मालकाला विचारल्याशिवाय नाही. इकडे पडक्या दिसणाऱ्या बऱ्याच घरांना मालक आहेत, मुंबईला असतात, गणपतीला आणि मेमध्ये येतात, शेजारी चावी असते. शेजाऱ्यांना हाक मारा, बहुतेक वेळा ते स्वतःच दाखवतात आणि चहाही करतात. थडग्यावरचा मजकूर वाचायला खडू घासू नका, तारेच्या ब्रशने खरवडू नका, बाजूने टॉर्च तिरपा धरला की अक्षरं उठून दिसतात, तसा फोटो काढा. दगड फुटलेला, उखडलेला किंवा कुणी नेत असलेला दिसला तर तो फोटो आणि जागा लिहून ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरीतल्या कार्यालयाला द्या, अर्जाची पोच मागून घ्या. आणि लहान असो की मोठा, कुठलाही दगड घरी नेऊ नका.